लांबची थंड हवा

आमच्या इमारतीत माझ्या प्रकृतीची काळजी करणारं त्या एप्रिलपर्यंत कोणी नव्हतं, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत इतकी वर्षं एकत्र राहून माणसांनी एकमेकांना योग्य अंतरावर ठेवायची कला साधली होती. जिन्यात गाठ पडली की "काय, बरं ना" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत अर्धा जिना चढून जायचं. त्यामुळे चेअरमन माझ्या दारात चपला काढून उभे राहिले आणि "बाई, तुम्ही यंदा फार थकलेल्या दिसता" असं म्हणाले, तेव्हा मला बरं वाटायच्या आधी दाराची कडी आठवली.

थकलेली दिसत असेनही. मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि यजमान जाऊनही. पण चेअरमनना माझ्या थकव्यात रस असण्याचं कारण वेगळं होतं. आमची चार मजली इमारत पाडून तिथे टॉवर बांधायचं घाटत होतं. सगळे हो म्हणाले होते. मी नाही म्हणाले होते. माझ्या एकटीच्या नकाराने कायद्यात फारसं काही अडत नाही असं मला चारचौघांनी ऐकवलं होतं. पण बिल्डर सावध माणूस होता. मागे कुठल्याशा सोसायटीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला कोर्टात इतकं दमवलं होतं की आता शेवटचं माणूस हो म्हणेपर्यंत तो कुदळ उचलत नसे. तेव्हा इमारत माझ्यापाशी अडली होती.

माझा नकार तत्त्वाचा नव्हता. तत्त्वं मी कॉलेजात भरपूर शिकवली, घरी आणली नाहीत. माझा फ्लॅट तळमजल्यावर, पश्चिमेला. पुण्यात पश्चिमेच्या खोल्या एप्रिल-मेमध्ये राहण्याच्या लायकीच्या राहत नाहीत. माझ्या राहत होत्या, कारण खिडक्यांसमोर करंज होता. तो कोणी लावला ते कोणालाच माहीत नाही. इथे सोसायटी नव्हती, शेत होतं, तेव्हा तो बांधावर उभा होता. करंजाची रीत अशी की इतर झाडं उन्हाने सुकायला लागतात तेव्हा हा नवी पालवी फोडून गच्च होतो. भर दुपारी माझ्या हॉलमध्ये पुस्तक वाचायला दिवा लागायचा आणि पंखा दोनवर पुरायचा. वरचे लोक पाणी मागायला म्हणून येत आणि जरा वेळ उभे राहत. नव्या टॉवरच्या नकाशात करंजाच्या जागी गाड्या वर-खाली नेणारं यंत्र होतं आणि मी अकराव्या मजल्यावर होते.

या करंजाची छाटणी हा आमच्याकडे दर वर्षीचा एक विधी होता. पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीला, फांद्या तारांवर येऊ नयेत म्हणून सोसायटी छाटणीवाल्यांना बोलवायची. त्यांचा व्यवहार ठरलेला: मजुरी थोडी, आणि पडेल ते लाकूड त्यांचं. अशा व्यवहारात माणूस कुठे थांबेल हे सांगायला अर्थशास्त्र नको. म्हणून खाली कोणीतरी उभं राहून "पुरे" म्हणावं लागे. आधी यजमान म्हणायचे. ते घरात सहसा आवाज चढवत नसत. त्यांचा वर्षाचा सगळा आवाज त्या एका सकाळी लागायचा. त्यांच्यानंतर मी म्हणू लागले. वर दोरीला बांधलेला माणूस मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचा आणि आणखी एक फांदी उतरवायचा, मग मी दुसऱ्यांदा "पुरे" म्हणायचे, मग तो हसायचा. दर वर्षी असंच.

तर त्या एप्रिलमध्ये मी मेचे चार दिवस कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जायचं ठरवलं. एकटीने. मागे एकदा बायकांच्या सहलीबरोबर गेले होते. गळ्यात बिल्ला, हातात खाऊचा डबा, बसमध्ये भेंड्या, आणि दर ठिकाणी उतरलं की शिट्टी. त्या सहलीच्या बाईंनी मला माझ्या जन्मात पहिल्यांदा "इकडे बघा, मज्जा करा" अशी आज्ञा दिली. त्यानंतर माझ्या कल्पनेतली सुट्टी फार सोपी झाली: एक खुर्ची, एक झाड, थोडा वारा आणि ओळखीचं कोणीही नाही.

हे मी फक्त वरच्या वहिनींना सांगितलं. वहिनी तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्हा दोघींचा दुपारचा चहा कित्येक वर्षं एकत्र होत आला आहे. मीच वर जात असे. इतक्या वर्षांत आम्ही "अहो"वरून "अगं"वर आलो नाही, आणि त्यामुळेच मैत्री टिकली असं माझं मत आहे. वहिनी कपात साखर ढवळत म्हणाल्या, "एकट्याच?"

"एकटीच."

"आणि काही झालं म्हणजे?"

"इथे तरी काय होत नाही असं आहे?"

त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत माझा बेत सगळ्या इमारतीचा झाला होता. दुसऱ्या मजल्यावरचे खजिनदार पाण्याची टाकी बघायला म्हणून खाली आले आणि टाकीकडे पाठ करून माझ्याशी बोलले.

"बाई, आंबोलीला जा. काय हवा आहे महाराजा. आमच्या साडूंचं तिथे ओळखीचं आहे."

"आंबोली लांब पडते हो."

"लांब कुठली. एकदा गाडीत बसलं की बसलं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी चिखलदरा सुचवलं. तिथे विदर्भातली माणसं उन्हाळ्यात जातात, म्हणजे ते थंड असलंच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिल्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने फोनवर मला थेट हिमाचल दाखवलं. "आंटी, सोलो ट्रिप म्हणजे किती कूल. मी बुकिंग करून देतो, एकदम सॉर्टेड." हा मुलगा लिफ्ट नाही म्हणून गेली पाच वर्षं माझ्यासमोर कुरकुरला होता आणि माझ्याशी तेवढंच बोलला होता. चेअरमननी तोरणमाळ आणलं. ते नुसतं सुचवून थांबले नाहीत. सोसायटीच्या गणपतीत सत्कार करताना वापरतात तो आवाज काढून त्यांनी मला तोरणमाळचं वर्णन ऐकवलं, कमळांच्या तळ्यासकट. चेअरमनना शाल आणि श्रीफळाशिवाय कोणतीही गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटत नाही. सोसायटीत नवीन मोटार बसवली तेव्हा त्यांनी मोटारीला हार घातला होता आणि वायरमनला भाषण करायला लावलं होतं.

"पण मला चारच दिवस जायचं आहे," मी म्हटलं.

"चार दिवसांत काय होतंय? आठ-दहा दिवस राहा की. मन भरेपर्यंत राहा."

"मन भरेल कशावरून?"

"बाई, तुम्ही पण ना." ते हसले. मग एकदम म्हणाले, "साधारण कधी निघताय?"

त्या रात्री जेवण झाल्यावर मी जुना शाळेतला नकाशा काढला आणि सगळ्यांनी सुचवलेली ठिकाणं बोटाने शोधली. महाराष्ट्राच्या एका टोकाला चिखलदरा, दुसऱ्या टोकाला आंबोली, वर सातपुड्यात तोरणमाळ, आणि हिमाचल नकाशाच्या बाहेर. पुण्याच्या माणसाला थंड हवा म्हटलं की जी नावं झोपेतसुद्धा सुचतात, महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, गेला बाजार सिंहगड, त्यांतलं एकही कोणी उच्चारलं नव्हतं. जिथून संध्याकाळच्या आत घरी परतता येईल अशी हवा माझ्या शेजाऱ्यांच्या मते थंड नव्हती.

मी नकाशा घडी करून ठेवला. पंखा दोनवर होता. तरी मी तो बंद केला, बाहेर काही ऐकू येतं का बघायला.

त्याच आठवड्यात ती गाडी आली. काळ्या काचांची, पांढरी, मोठी. दुपारी करंजाखाली उभी राहिली. करंजाचा फुलोरा तेव्हा गळत होता आणि आमच्या सोसायटीत त्याखाली गाडी लावायला कोणी धजत नसे, टपावर फुलांचा चिकट थर बसतो म्हणून. ही गाडी उभी राहिली. इंजिन चालू होतं, एसीचं पाणी खाली ठिबकत होतं. काचा वरच. मी खिडकीतून बघत होते. बऱ्याच वेळाने मागची काच थोडी खाली आली, आतून कोणीतरी मान वर करून झाडाकडे पाहिलं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, आणि काच वर गेली. फुलं पडतच होती.

चेअरमनना मी विचारलं. ते म्हणाले, "बिल्डरसाहेबांची माणसं. सहज आली होती. तुमची सावली फार आवडली त्यांना."

माझी सावली. इतकी वर्षं ती सोसायटीची होती.

मी इतिहास शिकवला आहे. वेढा कसा पडतो हे मला ठाऊक होतं, निदान पुस्तकातून. मी विचार केला: हे मला लांब पाठवून करणार काय? बैठक. मी नसताना विशेष सभा बोलावतील, ठराव करतील, माझ्या गैरहजेरीला संमती ठरवतील. तेव्हा मी सरळ चेअरमनच्या घरी गेले आणि विचारलं, "मेमध्ये सभा आहे का?"

ते दुखावल्यासारखे झाले. "बाई, काय बोलताय? अर्धी सोसायटी गावी असते. तुमच्या पाठीमागे सभा घेईन मी? माझ्या आईची शपथ."

शपथ खरी होती. आजही मी ते मान्य करते. सभा झाली नाही.

तरी मी माझ्या परीने हुशारी केली. मी पाचगणी निवडली. स्वारगेटहून तासातासाला एसटी, सकाळी काही कळलं तर दुपारच्या चहाला घरी. शिवाय पाचगणीत मला महाबळेश्वरसारखं गर्दीत उभं राहावं लागणार नव्हतं. महाबळेश्वर म्हणजे पॉइंटांचं गाव. पॉइंट म्हणजे अशी जागा जिथे माणसं रांगेत उभी राहून, ज्या घाटातून नुकतीच वर आली त्याच घाटाकडे कौतुकाने बघतात. मला घाट नको होता. पाचगणीला मेमध्ये शाळांना सुट्टी असते, रस्त्यांवर शांतता असते, आणि एका ओळखीने मला एका घरगुती बंगल्यातली मागची खोली मिळाली होती.

मी ते जाहीर केलं तेव्हा चेअरमनचा चेहरा पडला आणि पुन्हा लगेच जागेवर आला. "पाचगणी? इतक्या जवळ?"

"मला गाडी लागते."

"असू दे, असू दे. हवा बदलली म्हणजे झालं." मग ते विचारात पडून म्हणाले, "सोमवारी निघाल, म्हणजे मंगळवार-बुधवार तिथे नक्की."

मी हो म्हटलं. माणसं बेत विचारतात तेव्हा आपण सांगतो. त्यात मला काही वावगं दिसलं नाही, कारण मी सभेवर डोळा ठेवून होते.

निघायच्या आदल्या दिवशी किल्ली द्यायला वहिनींकडे गेले. कुंड्यांना पाणी घालायचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बाई येते, तिच्याकडून घालून घेईन. किल्ली घेऊन त्यांनी ती मुठीतच धरून ठेवली. बाहेर दुपारचे तीन वाजले होते. त्यांच्या घरात छपराच्या खालची हवा भाजत होती, वहिनींच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि त्या मला म्हणाल्या, "बाई, नाही गेलात तरी चालेल. यंदा तसं काही एवढं गरम नाही."

मला हसू आलं. "अहो, पंख्याखाली बसून घाम पुसताय आणि म्हणताय गरम नाही?"

"आम्हाला सवय झालीये," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठे सवय आहे."

मी ते थट्टेवारी नेलं. त्या दारापर्यंत आल्या, आणि मी जिना उतरायला लागल्यावर वरून म्हणाल्या, "लवकर या." आमच्यात असं कोणी म्हणत नाही.

पाचगणी चांगली होती. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बंगल्याचे मालक एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, मूळचे पुण्याच्या कॅम्पातले; फार मोजकं आणि आदबीने बोलायचे. खोलीत शिरताना त्यांनी छताकडे बोट दाखवून माफी मागितली. "पंखा यंदाच बसवलाय, बाई. पूर्वी गिऱ्हाईक पंखा आहे का विचारायचं तर मला हसू यायचं. दुपारी लागतो आता थोडा."

"पुण्यात माझ्या घरी दोनवर पुरतो," मी जरा मिरवलं.

"नशीबवान आहात. सावली असेल."

"आहे."

"मग इकडे कशाला आलात?" त्यांनी खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "बदल म्हणून." त्यांनी मान हलवली आणि चहा पाठवून दिला.

मी खुर्ची मागच्या अंगणात नेली. सिल्व्हर ओकची झाडं उंच होती पण त्यांची सावली विरळ. पेपराएवढ्या जागेत मावायची, आणि ऊन सरकलं की मला खुर्ची सरकवावी लागायची. पहिला दिवस मी असा खुर्ची सरकवण्यात घालवला. वारा मात्र होता. संध्याकाळी शालसुद्धा घेतली. जेवून लवकर झोपले आणि झोप इतकी गाढ लागली की सकाळी मला माझा संशय हास्यास्पद वाटला. आपण म्हाताऱ्या होतो म्हणजे काय होतं, तर शेजारी चांगले वागले की आपल्याला कट दिसतो, असं मी स्वतःला ऐकवलं.

बुधवारी सकाळी वहिनींना फोन केला, कुंड्यांचं विचारायला. त्यांनी उचलला. मागे मोठा घरघराट होता.

"काय चाललंय हो?"

"मिक्सर," त्या म्हणाल्या. "लोणच्याचा मसाला काढतेय."

"बरं. कुंड्या?"

"घातलं पाणी."

घरघराट थांबला, पुन्हा सुरू झाला, बारीक होऊन एकदम चढला. वहिनी फोनवर माझ्याशी बोलत होत्या, आणि मिक्सर आपला आपण चालू-बंद होत होता. मग काहीतरी लांबलचक कडकडलं. आणि कोणीतरी पुरुष, खालून, "हो हो हो, सोड," असं ओरडला. वहिनींचे यजमान जाऊन वर्षं झाली. त्यांच्या घरी मसाला कुटताना पुरुषमाणसं ओरडत नाहीत.

"वहिनी," मी म्हटलं, "खिडकीपाशी जा आणि त्यांना पुरे म्हणा."

त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"वहिनी, नुसतं पुरे म्हणा. थांबतात ते."

"मला ऐकू येत नाहीये, बाई," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मालकांनी मला स्टँडवर सोडलं. पसरणी घाट उतरताना बसच्या खिडकीतून येणारा वारा दर वळणाला जास्त गरम होत गेला. वाईला तो कोमट होता, खंबाटकीपाशी पोळायला लागला. चेअरमनना मी फोन करत राहिले. तो लागत होता, कोणी उचलत नव्हतं. जवळचं ठिकाण निवडण्यातला माझा हिशेब अचूक होता. मी दुपारच्या चहाला घरी पोचलेच. झाडाला दुपारपर्यंतचा वेळही लागला नव्हता.

रिक्षावाल्याला मी नेहमी "त्या करंजापाशी थांबवा" असं सांगते. त्या दिवशी मी तेच सांगितलं आणि तो पुढे निघून गेला. "कुठला करंज, मावशी?" त्याने विचारलं. मी मागे वळून पाहिलं, तर आमची इमारत रस्त्यावरून दिसत होती. रंग उडालेला, प्लास्टर फुगलेलं, गंजलेल्या ग्रिल. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं की आमची इमारत इतकी पाडण्यालायक दिसते.

बुंधा होता. दीड पुरुष उंच, वर तीन आखूड खुंट. अंगण झाडून स्वच्छ केलेलं होतं, भुसासुद्धा नव्हता. लाकूड गेलेलं होतं. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. आमच्या सोसायटीत इतकं वेळेवर आणि इतकं नीट काम त्याआधी कधीच झालं नव्हतं.

मी कुलूप उघडलं. हॉलमध्ये ऊन होतं. समोरच्या भिंतीपर्यंत, पुस्तकांच्या कपाटापर्यंत, यजमानांच्या फोटोच्या काचेवर. सावलीत वाढलेल्या घराला उन्हात पाहू नये; प्रत्येक कोपऱ्यात धूळ आहे हे कळतं. मी पंखा दोनवर लावला. मग तीनवर, मग पाचवर. तो गरम हवा खाली ढकलत राहिला.

चेअरमन आले. त्यांनी चपला काढल्या.

"बाई, छाटणीच केली. परवानगी छाटणीचीच आहे, रीतसर. पावसाच्या आधी करावीच लागते दर वर्षी. यंदा माणसं लवकर मिळाली, म्हटलं करून टाकू."

"ही छाटणी आहे?"

"आता काय सांगू. खाली उभं राहणारं कोणी नव्हतं. तुम्ही असता तर थांबवलं असतं. त्यांना कुठे थांबायचं ते काय कळतं." ते हॉलमध्ये इकडेतिकडे पाहत होते, उन्हाकडे. "फुटेल हो. करंज चिवट असतो. चार-पाच वर्षांत पुन्हा होईल तेवढाच."

मी माझ्या वयात चार-पाच मिळवून पाहिले. त्यांनीही मिळवले असावेत, कारण ते जरा थांबून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तोवर तुम्हाला इथे त्रास होणार. त्याचंच वाईट वाटतं."

वहिनींकडे मी गेले ती दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी. जावं की नाही हे मी सकाळपासून ठरवत होते. शेवटी घरात बसवेना म्हणून गेले. त्यांनी दोन कप आधीच मांडून ठेवले होते. करंजाकडची खिडकी बंद होती, कडी घातलेली.

"कचरा येत होता," त्या म्हणाल्या. "म्हणून लावून घेतली."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून. ते यायच्या आधीपासून."

आम्ही चहा घेतला. मग त्या खाली बघून म्हणाल्या, "लिफ्ट येईल, बाई."

मी कप खाली ठेवला.

"दिवाळीपासून मी खाली उतरले नाहीये. तुम्ही रोज वर येता, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही. डॉक्टर म्हणतात, जिना नको. देवळात नाही, मंडईत नाही. या खिडकीतून तुमच्या झाडाचा शेंडा बघायचा आणि संध्याकाळ व्हायची वाट बघायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे गार असतं म्हणे. मी तुमच्या घरी शेवटची कधी आले होते, आठवतंय तुम्हाला?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मला सांगायला हवं होतंत."

"सांगितलं की. म्हटलं नव्हतं, नका जाऊ म्हणून?"

उरलेल्या मेमध्ये माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. उलट सगळे फार चांगले वागले. सोसायटीतर्फे माझ्या घरी एक एअर कूलर आला, वर नारळ ठेवून. चेअरमन छोटंसं बोलले, खजिनदारांनी फोटो काढला. कूलरला पाणी घालावं लागतं आणि पाणी आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाआड येतं, हे बोलण्यात आलं नाही. डॉक्टरीणबाई येता-जाता माझा रक्तदाब तपासू लागल्या आणि तो मोठ्याने सांगू लागल्या. भिंती दिवसभर तापून संध्याकाळी आतल्या बाजूने ऊब सोडायच्या, जेवणाच्या ताटापर्यंत. टॉवरबद्दल कोणी एक शब्द काढत नव्हतं. ते वाट पाहत होते, आणि वाट पाहायला त्यांच्याकडे सावली होती. पूर्वेच्या बाजूला ती दुपारनंतर असते.

मी अजून हो म्हटलेलं नाही. पण पूर्वी माझं "नाही" तोंडातून सहज निघायचं, आता मला ते आधी जमवावं लागतं. वहिनींच्या घरी चहाला मी अजून जाते. आम्ही टॉवरबद्दल बोलत नाही. ती खिडकी आता उघडी असते; तिच्यातून समोरचा रस्ता लख्ख दिसतो.

करंज फुटला. पावसात खुंटांवर तांबूस कोंब आले, पुढच्या वसंतात त्यांच्या काठ्या झाल्या. काठीची सावली काठीएवढीच पडते. पुन्हा एप्रिल आला तेव्हा मी दुपारची खुर्ची घेऊन अंगणात बुंध्यापाशी बसायला लागले. लोकांना ते विचित्र वाटत असणार. पांढरी गाडी एक दिवस तशीच आली, माझ्यासमोर थांबली, आणि या वेळी काच पूर्ण खाली झाली. आतून गार हवेचा झोत माझ्या पायांपर्यंत आला. आत एक तरुण, नीटनेटका, अतिशय सभ्य मुलगा होता.

"काकू, एवढ्या उन्हात बाहेर कशाला बसलात? आत बसा ना."

"आत जास्त आहे," मी म्हटलं.

त्याने समजल्यासारखी मान हलवली. मग वर, नव्या कोवळ्या फांद्यांकडे पाहिलं, आणि हसून, अगदी आपुलकीने विचारलं, "यंदा कुठे बाहेरगावी नाही का जाणार?"